मैनाबाईच्या अकरा किनारी

जागेश्वरने कॉम्प्युटरचं झाकण त्या रविवारी चौथ्यांदा उघडलं. आत काही जळलेलं नव्हतं, काही सुटलेलं नव्हतं, तरी पडद्यावर तेच उत्तर येत होतं : असा ड्राइव्हच नाही. ज्या जुन्या हार्ड डिस्कसाठी त्याने सीताबर्डीची दुकानं पालथी घातली, ती यंत्राच्या लेखी जन्मालाच आली नव्हती.

हात शिवशिवतात, दुसरं काय! स्वतः जुळवलेलं यंत्र दीड वर्ष सुरळीत चाललं होतं. पण ऑफिसातल्या कवडूने नव्या डॉसची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीची, फ्लॉपी आणून दिली आणि जागेश्वरला दम निघेना. शनिवारी नवी डॉस लावली, यंत्र सुरू झालं, आणि त्याच आनंदात जुन्या डॉसची कोपरा दुमडलेली फ्लॉपी कचऱ्याच्या डब्यात गेली. हार्ड डिस्क दिसते की नाही, हे पाहायचं तेवढं राहून गेलं.

सकाळीच तो प्रतापनगरहून सायकल हाणत जरीपटक्याला कवडूकडे जाऊन आला होता. ही जुनी डिस्क नव्या डॉसला ओळखता येत नसेल, जुन्या फ्लॉपीने सुरू करून बघ, असं कवडूने सांगितलं. जुनी फ्लॉपी फेकली म्हटल्यावर, तशी दुसरी माझ्याकडे नाही, घरचा डबा पुन्हा बघ, एवढंच तो म्हणाला.

डिस्कवर मैनाबाईच्या अकरा किनारी होत्या, लुगड्याच्या काठांचे नमुने. जागेश्वरची आई उमरेडला चाळीस वर्षं मागावर बसलेली. किनारीचा नमुना तिने कधी कागदावर काढला नाही. दीड वर्षापूर्वी तिने शेजारी बसून एकेक धागा सांगितला आणि लेकाने तो टिपला. तेव्हापासून तिला विसर पडत चालला होता. पुन्हा विचारून घ्या, असं पुष्पलताने नवऱ्याला सुचवलं. त्याने दुपारी विचारलंही. दोन लाल, एक पिवळा, असं म्हणून मैनाबाई थांबली आणि उमरेडची बस गेली का, म्हणून विचारू लागली.

तो अंगणात गेला, आत आला, रिकामा डबा पुन्हा उपडा करून पाहिला. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"काय शोधून राहिला गा मघापासून?" मैनाबाईने विचारलं.

"काळी चौकोनी फ्लॉपी वं माय. जुनी. मीच फेकली."

मैनाबाई उठली. तिने आपली पत्र्याची पेटी उघडली. मागावरून उतरलेल्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उरल्यासुरल्या दशांची जुडी तिने उमरेडहून येतानाही सोडली नव्हती. त्या जुडीत, सुताने बांधलेली, कचऱ्यातून उचलून ठेवलेली फ्लॉपी होती.

"जुनं उतरवलं म्हनून फेकते काय कोनी? नवा ताना जोडाले जुन्याचीच टोकं लागते ना."

हे मात्र ती विसरली नव्हती. जागेश्वर कोष्ट्याचा पोर, लहानपणी त्याने स्वतः जुन्या टोकांना नवे धागे वळून दिले होते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने सूत सोडलं, कोपरा सरळ केला, फ्लॉपी घातली. पहिल्यांदा नुसती खरखर झाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा डिस्कवरचा दिवा लागला आणि अकरा नावं एकाखाली एक उभी राहिली.

त्याने आधी कोऱ्या फ्लॉपीवर सगळ्याची नक्कल केली. मग पहिली किनार उघडून आईला मोठ्याने वाचून दाखवू लागला. दोन लाल, एक पिवळा, चार काळे, पुन्हा एक पिवळा. मैनाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटची ओळ संपल्यावर ती हसली.

"बेस हाय गा. कोनं इनली?"

जागेश्वरने नकलेची फ्लॉपी यंत्रातून बाहेर काढली. तिने नव्या फ्लॉपीकडे हात केला, ती मांडीवर घेतली आणि मघाचं सूत तिच्याभोवती गुंडाळू लागली.

"जपून ठेव," ती म्हणाली. "जिनं इनली, ते इसरली असन आता."