फळीची दुसरी खाच

जुळ्यांचे पुढचे दात एकाच महिन्यात पडले, ते वर्ष. आधी मुलीचा पडला. माझा का नाही म्हणून मुलगा दोन दिवस रडला, आणि मग दाताला दोरा बांधून दार आपटून त्याने तो काढलाच. त्याच वर्षी दादाने परसात त्यांच्यासाठी सीसॉ केला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जुळ्यांचा आजोबा, घरात बाकी सगळ्यांचा आबा. आम्ही दोघं तराजू करणारे. धान्याच्या गोदामात टांगतात ते मोठे तराजू, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी दांड्या ठोकून सरळ करायचो, दादा त्यांना तोल द्यायचा. त्याने केलेला तराजू रिकामा टांगला की दांडी झोके घेत घेत थांबायची, आणि थांबायची ती अगदी आडव्या रेषेत. एकदा एका व्यापाऱ्याने दांडीची एक बाजू केसभर लांब ठेवायला सांगितली. दादाने त्याला चहा पाजला आणि दार दाखवलं. पुढे बॅटरीवरचे काटे आले, कामं आटली, आणि दादाला हातावर हात ठेवून बसवेना.

मुलीला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण दिसेल ते उचलून ती घरभर कुठेतरी नेऊन ठेवायची. मुलगा गुंड्या. त्यांचा बाप लांब बंदरावर कामाला होता, कधीमधी यायचा. घर त्यांची आई, म्हणजे आमची सूनबाईच ओढायची.

सीसॉ म्हणजे काय, ओंडक्यावर एक आडवी फळी. कुठल्याही सुताराने दुपारभरात करून दिला असता, आणि पोरं जमिनीला पाय मारून खालीवर झाली असती. दादाला ते जमणारं नव्हतं. त्याने फळीच्या पोटात मधोमध खाच पाडली, तिच्यात तिकोनी पोलादी पट्टी बसवली, धार खाली करून, आणि ती धार खांबावरच्या खोबणीत टेकवली. दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्यांनी बैठका टांगल्या, पारड्यांसारख्या. उंची अशी की पोरांचे पाय टेकू नयेत.

“अरे, पोरं खेळवतोयस की पोती जोखतोयस?” मी विचारलं.

“पाय टेकला की तोल कळत नाही,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

पोरांना बसवलं तर गुंड्याची बाजू जरा खाली राहिली. दादाने मुंगीच्या बैठकीखाली लोखंडाचा एक तुकडा अडकवला आणि दोघांना पासंग म्हणजे काय, हलक्या बाजूला भर कशी घालतात, ते समजावून सांगितलं. फळी सरळ झाली. पोरांनी त्यातून आपला खेळ काढला. पुढेमागे झुकून फळी हलवायची आणि मग दोघांनी दगड व्हायचं. फळी थांबेपर्यंत जो हलेल तो हरला. रोज संध्याकाळी फळी सरळ थांबायची, आणि दादा पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहायचा.

थंडी सुरू झाली आणि फळी वाकडी थांबायला लागली. मुंगी वर, गुंड्या खाली. दादाने धार पुसली, तेल लावलं, बैठका काढून रिकामी फळी तपासली. ती सरळ होती. मग तो शेडच्या दारात आला.

“पोरगी वजनाला उतरलीय,” तो म्हणाला.

तोवर घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुंगी आधीच काडी, आणि थंडीत सगळेच स्वेटरमध्ये गुरफटलेले. दुसऱ्या दिवशी सूनबाई तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथून आणखी मोठ्या. रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी सुया सुरू केल्या, आणि पुढचं काही विचारलं की ते कागद चाळायला लागायचे. सूनबाईने आम्हाला बजावलं की पोरांसमोर एक अक्षर काढायचं नाही. मुंगीला तिने सांगितलं होतं की तू बरी होत चाललीस.

पण मुंगी फक्त सीसॉसाठी अंथरुणातून उठायची. आईने उचलून बैठकीवर ठेवायचं, दोघांनी दगड व्हायचं, आणि फळीने काय ते सांगून टाकायचं. एका संध्याकाळी सूनबाई शेडमध्ये आली.

“आबा, पोरांना खेळणं दिलंत की माझ्या दारात काटा टांगलात?”

दादा मोडून टाकतो म्हणाला. ते तिलाही नको होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारणीने सांगितलं की तुमचा गुंड्या आमच्या कुत्र्याला रोज उकडलेली अंडी घालतो. सूनबाईने घर धुंडाळलं, तर पलंगाखाली सुकलेले घास, आणि दूध कुंडीत ओतलेलं. पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. आमचं सगळ्यांचं लक्ष मुंगीकडे. आईने त्याला मारलं तेव्हा तो रडला नाही. मोठ्या माणसाला समजावतात तसं त्याने तिला समजावलं. मी हलका झालो की फळी सरळ होईल, आणि फळी सरळ झाली की मुंगी बरी. आबांची फळी खोटं सांगत नाही.

सूनबाई पुन्हा शेडमध्ये आली. या वेळी आवाज चढलेला नव्हता. तिने दादाला फळी खोटी करायला सांगितली. आणखी पासंग लावायची सोय नव्हती, कारण पासंग काय असतो ते त्यानेच पोरांना शिकवलं होतं. टेकूच गुंड्याच्या बाजूला सरकवायला हवा होता, म्हणजे मुंगीची बाजू लांब झाली असती.

“मी उभ्या जन्मात एक दांडी खोटी केली नाही, पोरी.”

“मग ही करा. दोघांतलं एक तरी मला ठेवायचंय.”

दादा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं झोपल्यावर, त्याने फळी उतरवली. मी धरून बसलो. त्याने खडूने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. खोटं करायचं तर माप कुठून धरायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी त्याने सूनबाईला मुंगीचं वजन विचारलं. दवाखान्यात पोरीला काट्यावर ठेवताना सूनबाई तोंड फिरवायची असं आम्हाला वाटत होतं. तिने लगेच आकडा सांगितला. आम्ही एका बैठकीत तेवढी वजनं ठेवली, दुसरीत गुंड्याची, आणि दादाने नवी खाच पाडली, पहिलीपासून चार बोटांवर. जुनी लाकडाचा तुकडा ठोकून बुजवली.

संध्याकाळी पोरं बसली, दगड झाली. फळी झोके घेत थांबली आणि सरळ राहिली. गुंड्या उतरून धावत घरात गेला आणि त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. मुंगीला दादाने उचललं. तेव्हा ती त्याच्या कानाशी काय बोलली ते त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. “आबा, माझी बाजू लांब झालीय. गुंड्याला सांगू नका.”

तिसरी खाच पाडली, चौथीही. गुंड्या भरत गेला तशी खाच त्याच्याकडे सरकत गेली. नंतर मुंगीला बसताही येईना. मग गुंड्या खिडकीशी येऊन तिला सांगायचा की फळी अजून सरळ आहे, मी बघून आलो. रिकामी फळी आता तिच्या अंगाला कलायची, म्हणून दादा गुंड्याच्या बैठकीत एक वजन टाकून ठेवायचा.

मुंगी गेल्यावर ते वजन टाकायचं दादाच्या डोक्यातून गेलं. गुंड्या परसात गेला, तर फळी कललेली. तो वाकून खाली शिरला आणि त्याने बुजवलेल्या खाचांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग पायरीवर बसलेल्या दादासमोर जाऊन उभा राहिला.

“तुम्ही खोटी केलीत.”

दादाने हो म्हणून मान हलवली. ज्याच्यासाठी केली तो समोर उभा होता, अंगाने भरलेला, पुढचे नवे दात अर्धे वर आलेले.   सूनबाई कारण सांगायला पुढे आली, तिला दादाने हाताने थांबवलं. गुंड्याने त्याला पुन्हा आबा म्हणून हाक मारली नाही. ताटावर शेजारी बसायचा, विचारलं तर हो-नाही करायचा, तेवढंच. फळी मी जळणासाठी फोडली.

मुंगी थंडी सरता सरता, बुधवारी सकाळी, दूध घेता घेता आईच्या मांडीवर वारली. दादा त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात शेडमध्ये वारला.