सगळ्यात वरची चौकट

हे काम हजेरीबुवांच्या गळ्यात पडलं, कारण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा बनवणारी ती कंपनी, माणसं शहाऐंशी. त्यांची हजेरी, रजा, पाळ्या एकवीस वर्षं बुवाच बघत आले होते, म्हणून सगळे त्यांना हजेरीबुवा म्हणत. आता कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि त्यात आधी कंपनीची रचना भरायची होती. प्रत्येक माणसाची एक चौकट, आणि प्रत्येक चौकटीतून त्याच्या वरिष्ठाकडे जाणारी एक रेघ. एकच.

"दोन दिवसांचं काम आहे, सर," सॉफ्टवेअरवाल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या.

आता तिसरा आठवडा चालू होता.

क्रेनवाल्याला विचारलं, "तू कुणाच्या हाताखाली?" तर तो म्हणाला, "कुणाच्याच नाही. मी तर दिवसभर सगळ्यांच्या डोक्यावर असतो." झाडलोट करणाऱ्या बाईचं उलटं. "मला जो तो काम सांगतो. शहाऐंशी रेघा काढा," ती म्हणाली. तपासणीवाल्यानं तर फोरमनच्या खाली बसायला साफ नकार दिला. "मी त्याचा माल नापास करायचा, आणि माझी रजा त्यानं मंजूर करायची? करेल तो?" बुवांना ते पटलं. त्यांनी रेघ पुसून दुसरीकडे जोडली. तिकडून तक्रार आली, तेव्हा परत पुसली. घरी गेल्यावर डोळे मिटले तरी चौकटीच दिसत. "घरातही एक रेघ ओढा," बायको म्हणाली, "म्हणजे भांडी कुणी घासायची ते एकदाचं कळेल." बुवांना हसायचंही त्राण नव्हतं. ते उठले आणि भांडी घासली.

अखेर एकच चौकट उरली. सगळ्यात वरची.

कंपनी बहीणभावांची होती. वडील गेल्यापासून थोरली ताई खाली कारखाना बघायची आणि धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर विक्री. दोघं मालक, दोघांचा मान सारखा. आजवर कुणाला प्रश्न पडला नव्हता.

"दोन नावं नाही का चालणार?" बुवांनी फोनवर विचारलं.

"नाही, सर. वर एकच मूळ असतं."

"मूळ वर असतं?"

"आमच्यात तसंच म्हणतात, सर."

बुवा जिना चढून भाऊंकडे गेले. "ताईचं टाका ना," भाऊ मान वर न करता म्हणाले. "ती थोरली आहे." बुवा जिना उतरून ताईंकडे गेले. यंत्रांच्या आवाजात ताई ओरडून म्हणाल्या, "भाऊचं टाका! बाहेर सगळीकडे त्याचंच तोंड दिसतं." बुवांना वाटलं, मोठ्या मनाची भावंडं आहेत. असं सुख किती घरांत असतं!

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. भाऊ म्हणत, "वर्कशॉप तिचं, म्हणजे कंपनी तिची." ताई म्हणत, "माझ्या हाताला ग्रीस असतं हो, मी कुठे ती बटणं दाबत बसू?" पंचवीस पायऱ्यांचा जिना. बुवांचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन लावला. "बाई, वरच्या माणसाला असं काय करावं लागतं?"

"विशेष काही नाही, सर. खातेप्रमुखांच्या रजा, नवीन नेमणुका. आणि कुणाला कामावरून कमी करायचं असेल तर शेवटची मंजुरी त्यांचीच."

बुवांनी फोन ठेवला आणि ड्रॉवर उघडला. आत रंगखात्यातल्या सहा जणांची यादी होती, पहिलंच नाव जुन्या रंगारीकाकांचं. रंगाचं नवं यंत्र यायचं होतं आणि हातानं रंग देणारे सहाच्या सहा जादा ठरणार होते. भाऊंनी ताईंसमोरच यादी देताना बजावलं होतं, इतक्यात कुणाकडे बोलू नका. यादीवर सही नव्हती. ना भाऊंची, ना ताईंची.

म्हणजे असं आहे तर, बुवा मनात म्हणाले.

ते कारखान्यात गेले आणि ताईंना म्हणाले, "वर चला." त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं असावं, कारण ताई हात पुसत मुकाट्यानं निघाल्या. भाऊंच्या खोलीचं दार बुवांनी आतून लावून घेतलं. एकवीस वर्षांत प्रथमच ते न विचारता खुर्चीवर बसले.

"मी चार दिवस जिना चढउतर करतोय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही एकमेकांना मान देताय. तुम्ही तर ती सहा माणसं एकमेकांच्या अंगावर ढकलताय."

भाऊंचा चेहरा उतरला. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"रंगारीकाकांनी मला सायकल शिकवलीये, बुवा," भाऊ हळूच म्हणाले. "त्यांच्या कागदावर मी सही कशी करू?"

"मग मी करू?" ताई उसळल्या. "तुझी सायकल धरून ते धावले, त्याच्याही आधी मी त्यांच्या खांद्यावर बसून हा कारखाना बघितलाय!"

खाली कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

"यंत्र घ्यायलाच हवं का?" बुवांनी विचारलं.

"घ्यावंच लागेल," ताई म्हणाल्या. "त्या रंगाच्या वाफेनं त्या सहांतल्या दोघांना दमा जडलाय. मी रोज बघते." त्यांनी खोल श्वास घेतला. "माझं नाव टाका. पण आधी मी त्यांच्याशी बोलेन. त्यांना हे त्या सॉफ्टवेअरमधून कळता कामा नये."

"मीही येतो," भाऊ म्हणाले.

"नको. तू रडशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रंगखात्यात गेल्या आणि तासाभरानं बाहेर आल्या. चौघं पॅकिंगला जायला तयार झाले. एक जण मुलीकडे राहायला जाणार होता. रंगारीकाका मात्र म्हणाले, या वयात खोकी बांधायला मला जमणार नाही.

दुपारी काका बुवांच्या टेबलाशी आले. नखांत पांढरा रंग तसाच होता. "माझं नाव कुठंय, दाखवा बरं."

बुवांनी बोट ठेवलं. काकांनी डोळे बारीक करून रेघ वरपर्यंत पाहिली. "सगळ्यात वर ताई?"

"ताई."

"बरं केलंत. भाऊला झेपलं नसतं." मग जरा थांबून म्हणाले, "माझी चौकट पुसा आता. उगाच अडगळ कशाला?"

"महिनाअखेरपर्यंत राहू दे, काका. काही बिघडत नाही."

"बघा बुवा. तुमचं तुम्हाला." काका गेले. ओल्या रंगावर धूळ बसू नये, या तीस वर्षांच्या सवयीनं जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

चारच्या सुमारास सॉफ्टवेअरवाल्या बाईंचा फोन आला. "अभिनंदन, सर! रचना पूर्ण झाली. छान दिसतेय." बुवा "हो" म्हणाले. मग त्यांनी त्याच सॉफ्टवेअरमध्ये उद्याच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. तो सरळ ताईंकडे गेला.

पाच मिनिटांत ताईच दारात उभ्या. डोळे सुजलेले. "अर्धा दिवस कशाला? पूर्ण घ्या."

"ते यंत्रातच करायचं असतं, ताई. मंजूर म्हणून बटण आहे."

"ते मला सापडत नाहीये."

बुवा उठले, गुडघ्यावर हात टेकत ताईंच्या मागोमाग कारखान्यात गेले, आणि स्वतःची रजा कशी मंजूर करायची ते त्यांना दाखवून घरी गेले.