फिल्ममधला ढावलो

भाऊ शाम येणार म्हटल्यावर संगीतानं सकाळीच पिशवी भरून दारामागे ठेवली. लग्न होऊन फुलसावंगीजवळच्या या बंजारा तांड्यात आली, ती दिग्रसकडच्या माहेरी पुन्हा एकदाही गेली नव्हती. भाऊ न्यायला आल्याशिवाय सून पाठवायची नाही, हा सासरचा रिवाज. आणि भाऊसाहेबांना पुण्याच्या बँडमधून सवड मिळेल तर शपथ!

भाऊ आला तो लॅपटॉप घेऊन. बँडच्या कार्यक्रमाची फिल्म निघाली होती, ती म्हणे पहिल्यांदा बहिणीलाच दाखवायची. सासूनं, सुखीबाईनं, कौतुकानं दार लोटून अंधार केला. पडद्यावर धूर, निळा उजेड, आणि त्यात गिटारवर मान घालून उभा शाम. एकच सूर आपला घुमतोय, घुमतोय.

"गाणं कव्हा सुरू होईन रे बाप्पू?" सुखीबाईनं जांभई दिली.

"मावशी, हेच गाणं हाय."

तेवढ्यात त्या धुरातून एक बाई रडायला लागली. संगीताच्या अंगावर काटा आला. आवाज तिचाच होता. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. शामच्या गळ्यात पडून ती गायली होती, मला विसरू नको वीरा, माझ्या भावा, श्रावणात तिजेला न्यायला ये. आणि या पठ्ठ्यानं तेव्हा खिशातला मोबाईल चालू ठेवला होता! पडद्यावर कार्यक्रमाला आलेली पोरंपोरी डोळे मिटून डोलत होती.

"किती गोड रडली व तू!" सुखीबाई हरखली.

"ताई, दर शोमधी इथंच लोक रडतात," शाम म्हणाला. "आपली बोली समजत नाही, तरी रडतात."

"त्याईले नाही समजत," संगीता म्हणाली. "तुले तं समजत होती ना?"

शामनं लॅपटॉप मिटला. बाहेर हॉर्न वाजला. बँडची गाडी पुढं नागपूरला निघाली होती. दार उघडताना दारामागची पिशवी त्याच्या पायाला लागली. त्यानं ती पाहिली आणि पाय बाजूला घेतला.

"गाडीत सगळं सामान भरलं हाय ताई, बसाले जागाच नाही. या तिजेले येतो, पक्का."

संगीताला त्याचा संताप आला, आणि पिशवी भरणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त.

"भाऊ चालला व," सुखीबाईनं तिला ढोसलं. "गळ्यात पड, रड."

माहेरचं माणूस निघालं की गळ्यात पडून रडायचं, रिवाजच तो. शाम वाकून उभा राहिला. संगीता दोन पावलं पुढं गेली. त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता.

"जाय," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून घरात गेली.