बो-बो-बोल की

मालविकाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तिचा बाप, मुकुल, प्रमुख पाहुणा होता. नांदेडात त्याचा 'गोदासूर' हा गाण्याचा ग्रुप माहीत नसलेला माणूस विरळाच. वीसेक वर्षांपूर्वी विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुकुलनं आणि आणखी तिघांनी तो काढला, आणि त्यांचं 'बो-बो-बोल की' लागल्याशिवाय आजही इकडची वरात हलत नाही.

पोरांनी गलका केला तसा मुकुलनं माइक घेतला. पहिल्या 'बो-बो'लाच हॉल टाळ्यांनी भरला. पण चौथीच्या रांगा स्टेजकडे बघतच नव्हत्या. माना वळवून सगळे मालविकाकडे बघत होते. एकानं तिला ढोसलं, तिच्या तोंडापुढे तोंड नेलं आणि 'बो-बो' केलं.

मालविका हसत होती. ओठ मिटून, मान खाली घालून.

वर्षभरापासून ती बोलताना अडखळत होती. मोठी झाली की जाईल, असं घरात सगळे म्हणायचे. शाळेत तिला काय ऐकावं लागतं, हे मुकुलनं कधी विचारलं नव्हतं.

गाणं कसंबसं संपलं. निवेदन करणाऱ्या पुनम मॅडमनी विचारलं, "सर, हे गाणं सुचलं कसं?"

उत्तर ठरलेलं होतं. रेकॉर्डिंगला माइकची वायर सैल होती, आवाज तुटत होता, तसाच ठेवला. लोकांना ते आवडायचं. "वायर..." एवढंच मुकुल म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

परत जाताना शाळेच्या फाटकाबाहेर त्यानं गाडी थांबवली आणि खरं काय ते मालविकाला सांगितलं. गाणं गुरुलिंगचं. ग्रुपमधला लातूरचा पोरगा, बोलताना अडखळायचा, गाताना कधीच नाही. रुसलेल्या माणसाची समजूत घालणारं, संथ गाणं होतं ते. एकदा प्रॅक्टिसला मुकुलनं ते गुरुलिंगच्या बोलण्यासारखं गाऊन दाखवलं. सगळे लोळून हसले. तेच ठेवलं, तेच गाजलं. वर्षभरात गुरुलिंग ग्रुप सोडून गेला. का गेला, हे कुणी विचारलं नाही.

मालविका खिडकीबाहेर बघत राहिली. रविवारी मुकुल गुरुलिंगला भेटायला लातूरला निघाला तेव्हा मात्र चपला घालून दारात उभी राहिली. "म-मला पण यायचंय."

गुरुलिंग घरीच गाण्याचे क्लास घ्यायचा. दार त्याच्या बायकोनं, नीलम्मानं उघडलं. मुकुलनं वाटेत जुळवलेली माफीची वाक्यं गुरुलिंगसमोर एका दमात म्हणून टाकली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या लग्नात ब-बँडवाल्यानं तेच वाजवलं," तो म्हणाला. "पोरं माझ्या घोड्यापुढं न-नाचत होती. हिच्या घरच्या बाया त-तोंडावर पदर धरून हसल्या."

"मी पुन्हा ते गाणार नाही, गुरु."

"तू न गाऊन क-काय होतंय? डीजेवाले थांबतेत का?"

तेवढ्यात मालविका बोलली. "का-काका, तुम्ही प-प-"

शब्द अडकला. ती काय विचारतेय हे मुकुलला कळलं. सवयीनं तो तिचं वाक्य पुरं करायला गेला, तर गुरुलिंगनं हात वर करून त्याला गप्प केलं आणि तो तिच्याकडे बघत थांबला. घाई न करता.

"पप्पांना म-माफ केलं का?"

"न्हाई," गुरुलिंग म्हणाला. जराही न अडखळता. "अजून तरी न्हाई, बाळा." मग त्यानं पेटी पुढं ओढली. "पण गाणं ऐकणार का? म-माझं?"

तो गायला लागला. आवाज वयानं जाड झाला होता, पण कुठे तुटत नव्हता. दुसऱ्या खेपेला मालविकानं ध्रुपदात सूर मिसळला. आधी दबकत, मग मोकळा. तिचाही आवाज अडला नाही.

मुकुलला सगळे शब्द पाठ होते. त्याचं तोंड उघडलं नाही. नीलम्मानं पुढं केलेला चहा घेऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत कुणी त्याला हाक मारली नाही.