कंबर वीस इंच

एकोणीसशे त्र्याहत्तर साली, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी आत्याने भाचीच्या गणवेशाचं माप घेतलं. कंबर वीस इंच. वहीत गेल्या वर्षीची बावीस होती. आपलंच चुकलं म्हणून तिने तीनदा टेप लावली.

नवरा गेल्यापासून आत्या दादाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत मशीन टाकून राहत होती. अख्ख्या शाळेचे गणवेश शिवायची. नऊ वर्षांची बिट्टी रोज डोळ्यांसमोर वावरायची, म्हणूनच की काय, पोर वाळत चाललीय हे डोळ्यांना कळलं नव्हतं.

“आत्या, बाह्या मनगटापर्यंत कर.”

“एवढ्या उकाड्यात? म्हातारी झालीस का गं?”

बिट्टी हसली नाही. आत्याने तिची बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ, काही काळेनिळे, काही जुने, पिवळे पडलेले.

“पडले होते,” बिट्टीने न विचारताच सांगितलं आणि दाराकडे पाहिलं.

दारात तिची सावत्र आई उभी होती. “एवढं काय मोजताय, वन्सं? जुन्या मापाने शिवा. तुमच्या टेपचंही वय झालंय.”

“वहिनी, पोर दोन इंच आटलीय.”

“खात नाही मेली. नुसते नखरे! तुम्हाला मिळतंय ना वेळेवर? मग झालं तर.”

दादाने पेपरातून मान वर काढली नाही. “घरातलं घरात राहू दे. तुझं मशीनही याच छपराखाली चालतं.”

आत्याने टेप गुंडाळून ठेवली. बेचाळिसाव्या वर्षी जाणार कुठे? त्या खोलीला दार एकच, तेही दादाच्या बैठकीत उघडणारं. दुसऱ्या दिवशी तिने बिट्टीला चोरून कपभर दूध दिलं. वहिनीला ओठांवरची साय दिसली. भिंतीपलीकडून फटके ऐकू आले. रडणं मात्र नाही. आत्याचं मशीन थांबलं.

तिसऱ्या दिवशी ती गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेली. मापाची वही मोठ्या बाईंपुढे उघडून ठेवली.

“माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे. दंड मी पाहिलेत. कुठं सही करू, सांगा.”

बाईंनी त्याच दिवशी बिट्टीला डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी कळवल्यावर महिन्याभरात बिट्टीची सख्खी मावशी कोर्टाचा ताब्याचा कागद घेऊन आली आणि तिला घेऊन गेली.

दादाने आत्याचं मशीन रस्त्यावर ठेवलं. सात वर्षांनी तो गेला, तोवर बहिणीशी एक शब्द बोलला नाही. वहिनी माहेरी परतली. आत्या लाँड्रीच्या माडीवर शेवटपर्यंत शिवत राहिली. बिट्टी आता आजी झालीय. जेवताना अजून ताटाभोवती हाताचं कुंपण घालते.

लग्नाआधी तिने आत्याला एकदाच विचारलं होतं, “वर्षभर तू शेजारच्याच खोलीत होतीस ना गं?”

“होते,” आत्या म्हणाली. मग लग्नाच्या ब्लाउजसाठी तिने बिट्टीच्या दंडाला टेप लावली.