धुराड्यावरची कडी

घडवणाऱ्याची परीक्षा वापरणाऱ्याच्या हाती पूर्ण होते. वापरणाऱ्याने मायेपोटी दोष झाकला, तर घडवणारा आपल्या कौशल्याच्या भ्रमात राहतो, आणि दोघेही सज्जन असूनही त्यांच्या हातून अहित घडते. मित्रांनो, अशाच दोघांमधल्या मौनात मी तीन वर्षे तळमळले.

मी एक जुनी, तांब्याची, रानात काटक्यांवर पाणी उकळणारी किटली आहे. माझ्या पोटातून एक धुराडे आरपार जाते. त्याच्याभोवती पाणी असते आणि खाली वाडग्याएवढी शेगडी. मूठभर वाळक्या काटक्या पेटवल्या, की ज्वाळा धुराड्यातून वर चढतात आणि भर वाऱ्यातही पाणी खळखळू लागते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

मला एका तांबटाने आपल्या धाकट्या बहिणीसाठी घडवले. ती मोजणीदार होती. नदीकाठ आणि डोंगर मोजून त्यांचे नकाशे काढायचे, त्यासाठी चार-चार महिने तंबूत राहायचे, असे तिचे काम. तांबटाने मला विस्तवावर दहा वेळा पारखले. परंतु तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक वेळी त्याने मला सांडशीने उचलले. मला उचलायची कडी नेमकी धुराड्याच्या तोंडावर होती, हे त्याच्या हाताला कधी कळलेच नाही.

ते कळले बहिणीच्या हाताला. पहिल्याच मुक्कामी तिने मला उचलले आणि ज्वाळेने तिचे उजवे मनगट पोळले. आठ दिवस तिला लेखणी धरता आली नाही. अर्धा काढलेला नकाशा तसाच पडून राहिला. मी मात्र आतल्या आत धुमसत राहिले.

घरी परतताना तिने बाही खाली ओढली.

"कशी आहे गं किटली?" तांबटाने विचारले.

"झकास आहे, दादा."

"झकास काय? खोट सांग, खोट!"

"चोच जरा आखूड वाटते," काहीतरी सांगायचे म्हणून ती म्हणाली.

त्याने चोच लांब केली. पुढच्या खेपेस बूच सैल असल्याचे तिने सांगितले. त्याने नवे बूच बसवून साखळी लावली. कडीला तिने बांधलेल्या चिंध्या मात्र रानातच जळून गेल्या. त्याची बायको म्हणे, "या किटलीचे लाड बघा! माझा डबा दोन वर्षं गळतोय, त्याची कोणी चौकशी करत नाही."

मित्रांनो, नको तिथे सुधारले जाण्याइतकी दुसरी घुसमट नाही.

तिसऱ्या वर्षी तिने मला पेटवणेच सोडले. मी पोत्याच्या तळाशी पडून राहिले. ती नदीचे पाणी न उकळताच पिऊ लागली, तापाने फणफणली, आणि अर्धी होऊन घरी आली. चार दिवसांनी तिला पुन्हा निघायचे होते.

कल्हई करण्यासाठी तांबटाने मला हाती घेतले. सवयीने त्याने धुराड्यात बोट घातले. बोट स्वच्छ बाहेर आले. त्याने दुसरे घातले. तेही स्वच्छ.

"चार महिन्यांत काजळीचा कण नाही? तू ही पेटवलीच नाहीस!"

तिने बाही आणखी खाली ओढली.

"माझी शपथ आहे तुला."

तिने बाही वर सारली. मनगटावर तीन डाग होते. "इतक्या कौतुकानं केलीस रे, दादा. कसं सांगणार?"

त्याने मला भरले, पेटवले, आणि ज्वाळा वर आल्यावर सांडशी बायकोच्या हाती देऊन उघडा हात कडीकडे नेला.

"अहो, वेड लागलंय का?"

हात झटकत तो मागे सरला. "तीन वर्षं हिनं हे सोसलं, आणि मी चोच लांब करत बसलो!"

"दोघं एका आईची लेकरं खरी," बायको म्हणाली आणि गार पाण्याचे भांडे घेऊन आली.

त्याने माझी कडी कापून काढली. दोन्ही खांद्यांना कान जडवले आणि त्यांत नवी कडी अशी बसवली, की ती ज्वाळेपासून दूर, आडवी राहील. तिला लाकडी मूठ दिली. बुचाची साखळी बुडाशी जोडली, म्हणजे ती ओढून मला ओतता येईल. मग उघड्या हाताने त्याने मला उचलले, त्याच्या बायकोने उचलले, आणि शेवटी बहिणीने. माझ्यातले पाणी तर भीतीने थरथरत होते.

"आता सांग," तो म्हणाला.

तिने मूठ पुन्हा एकदा धरून पाहिली. "मूठ जाड आहे, दादा. माझ्या मुठीत मावत नाही."

"शाबास!" तो हसला आणि त्याने कानस उचलली.

मित्रांनो, आज माझ्या धुराड्यात कितीतरी ऋतूंची काजळी आहे. तुमच्यासाठी कोणी प्रेमाने काही घडवले, तर त्याला त्यातला दोषही प्रेमाने सांगा. आणि तुम्ही काही घडवलेत, तर ते एकदा उघड्या हाताने उचलून पाहा.

ज्याने मूठ कानशीने तासली आणि जिने ती धरली, ते दोन्ही हात निरोगी राहोत, आणि त्यांच्यात कधी मौन न येवो.