रीना कोर्टात शिरली

वैशाली नगरच्या रीनानं त्या दिवशी सकाळी बास्केटबॉलची एक मॅच खेळली आणि दुपारी लगेच दुसरीला उतरली. पाय लटपटत होते, वळताना तोल जात होता. तिनं हात वर करून बदली मागितली. बाकावरून कोच विक्की सर म्हणाले, "नाटक मत कर." पुढच्याच उडीला ती बॉल घेऊन खाली आली, पाय आत वळला आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं.

ऑपरेशननंतर सर मोसंबी घेऊन घरी आले. "ध्यान नहीं था तेरा," म्हणाले.

रीनाच्या आईनं, पंचफुलाबाईनं, त्यांच्यापुढचा चहा उचलून घेतला. "माह्या पोरीनं सांगतलं होतं तुमाले. तुमी आयकलं नाही."

सर गेले. रीना भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

फायनलला ती कुबड्या घेऊन गेली. तिच्या जागी गल्लीतली मोना खेळत होती. मॅच संपत आली तशी मोना मांड्या चोळू लागली. कोणाचा धक्का नसताना एकदा कोलमडली. उठून तिनं बाकाकडे पाहिलं.

"थोड़ा और, मोना!" सर ओरडले.

रीनाच्या डोक्यात तिडीक गेली. ती कुबड्या टेकत थेट कोर्टात शिरली. शिट्टी वाजली.

"पागल है क्या? टेक्निकल लगेगा!" सर धावत आले.

"लगने दो. पहले इसको निकालो."

रेफरीनं मोनाला विचारलं, "खेल पाओगी?" मोनानं एक पाय झटकायला उचलला आणि दुसऱ्यावर तिला उभंच राहता आलं नाही. रेफरीनं तिला बाहेर पाठवलं. वर रीना आत शिरल्याच्या टेक्निकल फाउलमुळे समोरच्या टीमला फ्री थ्रोही मिळाला. मॅच हातची गेली.

परतताना ऑटोत मोना म्हणाली, "तू कावून आली मधात? मी खेळली असती."

"तुये पाय थरथरून राहिले होते."

"तरी. आता सर मले टीममध्ये ठेवन का?"

रीनाला सरांचा राग होताच, आता या पोरीचाही आला. ऑटो थांबला. मोना उतरली आणि विसावलेल्या, शाबूत पायांनी जिन्याच्या पायऱ्या धडाधड चढून घरात गेली.